नाल्यापासून सुरुवात: आपल्या खोऱ्याचा जुना इतिहास कसा लिहायचा

विदर्भातले बहुतेक गाव-इतिहास एकाच वाक्यानं सुरू होतात: पूर्वी या भागावर गोंड राजांचं राज्य होतं. मग भोसले येतात, मग इंग्रज, आणि दीड पानात मंडळी १९४७ ला पोचतात. ज्या वावरात आज कापूस किंवा धान आहे तिथं पाचशे वर्षांपूर्वी कोण राहत होतं, काय खात होतं, पाणी कुठून आणत होतं, याबद्दल एक ओळही सापडत नाही. लिहिणारे राजापासून सुरुवात करतात आणि राजा त्यांच्या नाल्यावर बहुधा कधी आलेलाच नसतो, म्हणून असं होतं.

ही कृती गावातल्या पाच-सहा जणांच्या गटासाठी आहे. त्यात शाळेतले एक गुरुजी किंवा बाई, जुनी मोडी-हिंदी वाचता येणारा एखादा माणूस, दोन पायी फिरणारी पोरं आणि शक्यतो गोंडी, माडिया, कोलामी किंवा कोरकू घरात बोलणाऱ्या निदान दोन व्यक्ती हव्यात, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. शेवटची अट टाळली तर काम फसतं. कसं ते पुढं येईलच. हंगाम: दिवाळीनंतर सुरुवात, मे अखेर पहिला मसुदा.

पण आधी एक परकं खोरं बघून घेऊ. त्याचा इतिहास पुसला गेला होता आणि पुन्हा जुळवला गेला. तो कशातून जुळला हे कळलं की आपण काय शोधायचं तेही कळतं.

ओवेन्स खोऱ्याचा धडा

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, सिएरा नेवाडाचे बर्फाळ डोंगर आणि पलीकडचे इन्यो व व्हाइट डोंगर यांच्या मधे एक लांबट, कोरडं खोरं आहे. नकाशावर ते ओवेन्स खोरं. हे नाव फ्रेमाँट या अमेरिकन अधिकाऱ्यानं १८४५ साली आपल्या तुकडीतल्या रिचर्ड ओवेन्सवरून दिलं. तिथले मूळचे लोक पायूट, स्वतःला नुमू म्हणवतात, आणि खोऱ्याला पायाहूनाडू म्हणतात: वाहत्या पाण्याची जागा. कोरड्या मुलखाला असं नाव का, याचं उत्तर डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांमध्ये आहे.

आजच्या बिशप गावाजवळच्या ओढ्यावर पायूट लोक दर वसंतात बंधारा घालत. दगड, झुडपं, काटक्या आणि चिखल यांचा. पाणी वाटणारा माणूस दर वर्षी लोकांनी निवडलेला असे. बंधाऱ्याला वीस-पंचवीस माणसं लागत, नंतर हा एकटा लांब लाकडी दांड्यानं पाण्याला वाट करून देत फिरे. दोन मोठे पट्टे होते. एका वर्षी एकाला पाणी, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला, म्हणजे पडीक पट्ट्यात बी आपोआप पडून रुजे. शरदात बंधारा फोडत, पाणी मूळ ओढ्यात जाई आणि कोरड्या होत जाणाऱ्या पाटांत अडकलेले मासे गोळा करत. यात पेरणी नव्हती. पाणी द्यायचे ते रानटी गवताला आणि कंदांना. त्यातला एक कंद तर आपल्या लव्हाळ्याच्या सख्ख्या भावकीतला! आपण ज्याला खुरपून खुरपून थकतो, त्याला ती माणसं पाट काढून पाणी देत होती.

१८५९ मध्ये कॅप्टन डेव्हिडसन नावाचा लष्करी अधिकारी तिथं गेला आणि त्यानं या पाटांची नोंद केली. दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, गोरे गुराखी आपली जनावरं घेऊन उतरले. जनावरांनी तीच गवतं चरली. भूक, मग लढाया, १८६२ मध्ये लष्करी ठाणं, आणि १८६३ च्या जुलैत नऊशेहून जास्त पायूट माणसांना डोंगरापलीकडच्या फोर्ट तेहोनकडं चालवत नेलं. बरेचजण नंतर परतले, पण जमीन आणि पाणी दुसऱ्यांच्या नावावर झालेलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस शहरानं ती जमीन पाण्यासाठी विकत घेतली, १९१३ मध्ये कालवा सुरू झाला आणि खोऱ्याच्या तळाशी असलेलं तळं काही वर्षांत आटून गेलं.

हे सगळं आज कळतं ते चार गोष्टींमुळं. म्हाताऱ्यांना बंधाऱ्याची रीत तोंडपाठ होती आणि १९३० च्या आसपास ती लिहून घेतली गेली. लष्कराच्या कागदात पाटांचा उल्लेख राहिला. जमिनीवर पाटांच्या खुणा टिकल्या. आणि खोऱ्याचं जुनं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. नुसते जमीन वाटपाचे कागद घेतले असते तर ती जमीन ओसाड होती असंच वाटलं असतं, कारण जमीन वाटणाऱ्यांना ती तशीच दाखवायची होती.

हद्द कशी आखायची

तालुक्याची किंवा ग्रामपंचायतीची हद्द घेऊ नका. त्या हद्दी अलीकडच्या आहेत. एक नाला किंवा लहान नदी घ्या, उगमापासून मोठ्या नदीला मिळेपर्यंत. आठ ते पंधरा गावं येतील एवढी. वर्धा किंवा वैनगंगा पूर्ण घ्यायचा मोह होतो. त्यात पाच वर्षं जातात आणि हाती काही लागत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० मापाचा नकाशा घ्या. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. नाल्याच्या संगमापासून पेन्सिल ठेवा आणि समोच्च रेषा बघत उंचवट्याच्या माथ्यामाथ्यानं फिरून पुन्हा संगमाला या. एकच नियम: तुमची रेषा संगम सोडून कुठंही पाण्याची रेषा ओलांडता कामा नये. ओलांडली तर तिथं चूक आहे, मागं या. पूर्व विदर्भाच्या सपाट धानपट्ट्यात ही चूक हमखास होते, कारण समोच्च रेषा विरळ असतात आणि तलावांच्या नहरा एका नाल्याचं पाणी दुसऱ्यात नेतात. तिथं नकाशा बाजूला ठेवून जुन्या कास्तकाराला विचारा की पुरात पाणी कुठून कुठं जातं.

पाणी शेवटी कुठं जातं हेही पहिल्याच पानावर लिहा. ओवेन्सचं पाणी आपल्याच तळ्यात संपायचं, समुद्रापर्यंत जायचंच नाही. आपल्याकडं पूर्णेचं पाणी तापीतून पश्चिमेला जातं. पैनगंगा वर्धेत, वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत, म्हणजे पूर्वेला. माणसं, देव, बोली आणि सोयरिकी याच वाटांनी आल्या-गेल्या. मेळघाटातला कोरकू आणि भामरागडचा माडिया यांच्या भाषा वेगवेगळ्या कुळातल्या आहेत. कोरकू मुंडा कुळातली, माडिया-गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. ‘आदिवासी’ हा एकच शब्द लिहून सगळं खोरं उरकू नका.

नावं गोळा करणं

हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त देणारं, म्हणून इथं वेळ घालवा. एका खोऱ्यात चारशे-पाचशे नावं सहज निघतात: गाव, टोला (वाडी), पोड (कोलामांची वस्ती), रिठ (उठलेलं गाव), डोह, घाट, टेकडी, पांदण, आखर (गुरं जमवायची जागा), तलाव, बोडी (लहान तलाव), बांधी (धानाचं शेत), देवठाणं, मोठी झाडं. प्रत्येक नावाला एक ओळ: नाव कसं उच्चारतात, कोणत्या भाषेत, कुणी सांगितलं, जागा कुठं, अर्थ काय सांगितला.

उच्चार आधी आणि अर्थ नंतर. क्रम उलटा केला की लिहिणारा अर्थाला साजेसं नाव ऐकू लागतो. गोंडी-माडियात नार म्हणजे गाव, एर म्हणजे पाणी, कल म्हणजे दगड, मर्का म्हणजे आंबा. मेळघाटातली सिपना नदी कोरकूतल्या सागाच्या शब्दावरून आहे. हे माहीत नसलं की लोक ‘सिपना’चा संबंध शिंपण्याशी जोडतात, ‘कल’ला कलियुग आठवतं आणि पाहता पाहता गावात रामायणातला एखादा प्रसंग घडून जातो. ती गोष्ट गावात सांगत असतील तर लिहा, पण ‘लोक असं सांगतात’ या रकान्यात. नावाचा अर्थ म्हणून नको.

गडबड होते ती सरकारी लिखाणानं. जुन्या इंग्रजी कागदात चंद्रपूर म्हणजे चांदा, अचलपूर म्हणजे एलिचपूर, वाशिम म्हणजे बासिम. यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत वणीवरून वुन असं होतं. लहान गावांचे तर तीन कागदांत तीन अवतार. म्हणून प्रत्येक गावाला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या आणि सगळे उच्चार-लेखन त्या क्रमांकाखाली ठेवा.

रिठांकडं विशेष लक्ष द्या. सात-बारावर ‘मौजा अमुक (रिठ)’ असं येतं, म्हणजे महसुली गाव आहे पण वस्ती नाही. ही मोडलेली गावं म्हणजे इतिहासाची उघडी पडलेली जागा. का मोडलं? तलाव फुटला, विहीर आटली, पटकी आली, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ) आली, वाघ, जंगल राखीव झालं, मालगुजाराशी (गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराशी) भांडण. कारण एकाच माणसाकडून घेऊ नका. उठून गेलेली घरं आता ज्या गावात आहेत तिथं जाऊन पुन्हा विचारा. उत्तर बऱ्याचदा बदलतं.

कागद: कुठं, काय मागायचं

आधी तुमचं खोरं कोणत्या जुन्या राज्यकारभारात होतं ते ठरवा, कारण कागदांची नावंच वेगळी आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम म्हणजे वऱ्हाड: १८५३ पर्यंत निजामाकडं, नंतर इंग्रजांकडं, रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून). नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली म्हणजे भोसल्यांचा मुलूख. तो १८५४ मध्ये खालसा झाला, १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला आणि तिथं मालगुजारी आली. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला गेली.

गडचिरोली जिल्हा १९८२ चा आणि गोंदिया १९९९ चा. त्याआधीचे कागद चंद्रपूर आणि भंडाऱ्याला पडलेले असू शकतात. सिरोंच्याकडचा भाग तर १८६० ते १८७४ वेगळ्याच अपर गोदावरी जिल्ह्यात होता. हे न कळल्यामुळं लोक चुकीच्या कार्यालयात तीन-तीन चकरा मारतात.

मालगुजारी भागात मागायचे ते बंदोबस्त मिसल, जुना गाव नकाशा (बहुतेक १६ इंचाला १ मैल या मापाचा), १९५४-५५ च्या सुमाराचे अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. शेवटचे दोन हातचे सोडू नका. निस्तार पत्रकात सरपण, चराई, मुरूम, मसणवट, आखर यांच्या जागा असतात. वाजिब-उल-अर्जात वाटा, पाणी, मासेमारी यांचे रिवाज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये विदर्भासाठी त्यांची तरतूद आहे, तेव्हा ‘असं काही नसतंच’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. साध्या नक्कल अर्जानं भागलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा: १० रुपये शुल्क, प्रतीला पानामागं २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘गावाचा इतिहास द्या’ असं लिहिलं तर तो फेटाळला जाणार. मौजा, तालुका, साल, कागदाचं नाव हे चारही लिहा.

वऱ्हाडात मोडीतले कागद जास्त भेटतात. मोडी वाचणारा नसेल तर आधी फोटो काढून ठेवा. खिडकीच्या उजेडात, तिरपा नाही, पानाच्या चारही कडा दिसतील असा. पुठ्ठा आणि पहिलं पान यांचा फोटो विसरतात, आणि मग सहा महिन्यांनी कोणता कागद कुठल्या बस्त्यातला ते कुणालाच सांगता येत नाही.

आता वाचायचं कसं. प्रत्येक कागदाला एकच प्रश्न: हा कुणी, कशाची वसुली करायला लिहिला? बंदोबस्ताचा कागद सारा ठरवायला आहे. ज्यावर सारा नाही त्याला तो ‘पडीत’ किंवा ‘झुडपी जंगल’ म्हणतो. माडिया लोकांची पेंद्याची शेती, म्हणजे झाडोरा कापून जाळून दोन-तीन वर्षं पेरायची आणि मग रान पुन्हा उगवू द्यायचं, ही फिरती असल्यामुळं ज्या वर्षी अंमलदार आला त्या वर्षी ती जागा रिकामी दिसली. पायूटांचा विसाव्यातला पट्टा गुराख्यांना असाच मोकळं कुरण वाटला असणार. म्हणून गाव नकाशावरच्या प्रत्येक पडीत तुकड्याला खूण करा आणि तो तुकडा पायी जाऊन, जाणत्या माणसाबरोबर बघा.

त्याहून जुने लेखही याच नजरेनं वाचता येतात. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला. मधुनदीच्या काठचं चर्मांक गाव, राजमापानं ८००० भूमी, १००० ब्राह्मणांना दान. अट अशी की त्यांनी राज्याविरुद्ध काही करू नये! घेणाऱ्यांचा आकडा आहे, देणाऱ्याची वंशावळ आहे. त्या ८००० भूमीत आधी नांगर धरणारा कोण होता, ते नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या मौर्यकाळातल्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखात प्राणी पकडायला आणि मारायला मनाई आहे. मनाई करावी लागली म्हणजे पकडणारे होते, आणि हुकूम लागू करणारा इथवर पोचला होता. अशा लेखातून एवढंच निघतं. यापुढं जाऊन ‘ते आमचेच पूर्वज’ असं लिहायला तो पुरत नाही.

कॅलिफोर्नियातली आणखी एक गोष्ट इथं उपयोगाची. १८५१-५२ मध्ये तिथल्या अनेक जमातींशी सरकारनं १८ करार केले. सिनेटनं ते मंजूर केले नाहीत आणि १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. त्या पन्नास वर्षांत कुणी म्हातारा ‘आम्हाला जमीन कबूल केली होती’ म्हणाला असता तर कागदात पुरावा नव्हता. आपल्याकडं ‘राजानं आमच्या पणज्याला तलाव बांधायला जमीन दिली’ असं कोहळी किंवा गोंड घरातून कळलं, तर कागद मिळाला नाही म्हणून खोडू नका. ‘सांगीव, कागद अजून नाही’ असं लिहा. पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांबाबत हे फार लागू पडतं. पाळ, सांडवा, नहर, कोणत्या बांध्या भिजतात, पाणी सोडायचा दिवस कोण ठरवायचं, भांडण कोण मिटवायचं, हे सगळं लोकांना माहीत असतं, आणि तलावाच्या सरकारी यादीत फक्त क्षेत्रफळ.

पायी फिरणं आणि दगडांची वर्तुळं

गवत वाळल्यावर, डिसेंबर ते मार्च. नांगरलेल्या काळ्या वावरात खापरं वर येतात. दहा-दहा मीटर अंतर ठेवून चौघांनी सरळ रेषेत चालायचं, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. खापर दिसलं की झेंडी किंवा काडी रोवा, उचलू नका. सगळं बघून झाल्यावर काड्या कुठं दाट आहेत ते दिसतं. तिथं जुनी वस्ती असण्याची शक्यता. फोटोत मापाची पट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवा. मोबाइलचं ठिकाण उघड्या माळावरसुद्धा पाच-दहा मीटर इकडं-तिकडं असतं, सागाखाली आणखी. म्हणून जवळच्या पक्क्या खुणेपासून पावलांनी मोजलेलं अंतरही लिहा.

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी अशी महापाषाणी ठिकाणं आहेत. जुनापाणीला तर शेकडो शिलावर्तुळं. ही लोहयुगातली, साधारण इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. आत मुरूम-दगडांचा ढीग, भोवती मोठ्या दगडांचं कडं. ती बहुतेक पिकाला नालायक अशा मुरमाड माळावर असतात आणि वस्ती पाण्याजवळच्या चांगल्या जमिनीवर. त्यामुळं वर्तुळ सापडलं तर खालच्या नाल्याकडं वस्ती शोधा. मोजताना व्यास दोन दिशांनी घ्या (उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम), दगड मोजा, कोणत्या दगडांवर वाटीसारखे खळगे आहेत ते टिपा.

नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, तेव्हा लोखंडाचं कीट दिसलं की लोकांना आनंद होतो. जरा थांबा. बुडबुड्यांच्या भोकांचा काळा दगड पश्चिम विदर्भात सगळीकडं आहे, तो ज्वालामुखीचा. वीटभट्टीची खंगरही तशीच दिसते. कीट वजनाला जड, काचेसारखं वितळून ओघळलेलं असतं आणि अनेकदा चुंबकाला थोडं ओढतं. आणि खरं कीट असलं तरी ते शंभर वर्षांपूर्वीच्या लोहाराचंही असू शकतं. सोबत काळी-तांबडी खापरं आहेत का ते बघा.

उभ्या दगडाबाबत याच्या उलट चूक होते. माडिया लोक मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ आजही दगड उभे करतात. कोरकू लाकडाचे कोरीव मुंडे उभारतात. म्हणजे उभा दगड दिसला की ‘तीन हजार वर्षं जुना’ असं लिहायचं नाही. आधी जवळच्या टोल्यात विचारा, नाव सांगतील. आणि जुन्या शिलावर्तुळांचा संबंध आजच्या गोंड किंवा कोलामांशी सरळ जोडायलाही पुरावा लागतो. दगड मांडणारे कोणती भाषा बोलत होते हे दगड सांगत नाहीत.

खणू नका. कायद्यानं मनाई तर आहेच (संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम किंवा खाणकाम करता येत नाही, आणि पुरलेलं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं), पण खरा धोका गुप्तधनाचा. चार माणसं टेप घेऊन माळावर फिरली की संध्याकाळपर्यंत चौकात सोन्याचा हंडा निघालेला असतो, आणि आठवड्यात कुणीतरी रात्री वर्तुळ फोडतो. म्हणून आधी ग्रामसभेत सांगा, ठराव घ्या, पोलीस पाटलाला आणि वनरक्षकाला कळवा, आणि छापील प्रतीत वर्तुळाचा अचूक ठिकाणा देऊ नका. तो फक्त मूळ वहीत.

माणसांशी बोलणं

विचारायला कोण? गोंड गावात भुमका, माडियांत पेरमा किंवा गायता, कोलामांच्या पोडावर नाईक. वंशावळ आणि देवांच्या कथा परधानांकडं: गोंडांची कुळकथा गाणं हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं काम. पण या सगळ्या पुरुषांकडून सण, देव आणि लढाया मिळतात. खोऱ्यातलं पोट कळतं ते बायांकडून, आणि ते मराठीतून नीट कळत नाही. मराठीत विचारलं की म्हातारी मराठीतली मोजकी नावं सांगून मोकळी होते. गोंडीत विचारलं तर त्याच पालेभाजीची तीन नावं आणि कोणती कोणत्या दिवसांत कडू लागते तेही सांगते. गटात घरची बोली बोलणाऱ्या दोघी-दोघं हवेत ते यासाठी.

वर्ष विचारू नका. ‘किती साली?’ म्हटलं की पाहुण्याचा मान राखायला काहीतरी आकडा मिळतो. त्याऐवजी: मालगुजारी गेली तेव्हा ही पाळ होती का? मानमोडीच्या आधीची की नंतरची? तुमच्या आईच्या लग्नात वऱ्हाड कोणत्या वाटेनं आलं? एका बैठकीला पाऊण तास पुरे. खोलीत बसून विचारण्यापेक्षा पाऊलवाटेनं चाला. डोह दिसला की डोहाची गोष्ट आपोआप येते.

पेनठाण्याचे (गोंडांच्या देवाच्या जागेचे) फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काही गाणी ठरलेल्या दिवसांतच म्हणतात. अवेळी म्हणायला लावू नका. ‘हे लिहू नको’ म्हटलं की पेन खाली. ते पान वहीतूनही काढून टाका, नुसतं काट मारून ठेवू नका.

मग बारा महिन्यांचा तक्ता करा. हा तक्ताच तुमच्या इतिहासाचा कणा. प्रत्येक महिन्यासमोर: काय गोळा करतात, कुठून, कोण, किती दिवस टिकतं, कसं टिकवतात, आणि ते चुकलं तर काय खातात. चैतात मोह. फुलं पहाटे पडतात, उन्हं चढण्याआधी वेचायची, चार-पाच दिवस कडक वाळवायची. ओल राहिली की काळी पडून बुरशी धरते. वैशाखात चार (चारोळीचं फळ), तेंदू. पावसाळ्याच्या तोंडावर वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी), तरोट्याची भाजी. भादव्यात धान्य संपलेलं, नवं यायचं असतं, तेव्हा रानातले कंद, आणि त्यांतले काही रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाहीत. मग कोदो, कोसरी, हलके धान. मोहाच्या झाडांवर कुणाचा हक्क, कुठल्या घराचं कोणतं झाड, हे विचारलं की जमिनीच्या मालकीचा असा नकाशा उभा राहतो जो कुठल्याही तलाठ्याकडं नाही.

जुळवणी

प्रत्येक गोष्टीसमोर तीन रकाने: सांगीव, कागद, जमीन. तिन्ही जुळले तर ‘आहे’ असं लिहा. दोन जुळले तर कोणते दोन ते सांगून लिहा. जुळतच नसतील तर दोन्ही बाजू द्या. नमुना असा: ‘रिठ क्रमांक ७. सांगीव: तलाव फुटून गाव उठलं, दोन घरं आता क्रमांक ३ मध्ये. कागद: बंदोबस्तात लागवड आहे, पुढच्या नोंदीत पडीत. जमीन: पाळीला मधोमध भगदाड, खाली पन्नास पावलांवर जात्याचे दोन तुकडे, विहिरीचं कडं.’ विशेषणं नकोत. ‘प्राचीन’, ‘वैभवशाली’, ‘रानटी’, ‘भोळे’ हे चारही शब्द पहिल्या वाचनातच खोडा.

राजे शेवटच्या भागात येऊ द्या, जिथं त्यांचा नाल्याशी खरा संबंध आला तिथंच. देवगडच्या बख्त बुलंदनं अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवलं, हे तुमच्या नाल्यावर नवी वस्ती आली असेल तर महत्त्वाचं. नसेल तर अर्धी ओळ पुरे.

या वहीचा एक व्यवहारी उपयोगही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या सामूहिक दाव्यात जुने नकाशे, निस्ताराच्या नोंदी, देवठाणी, मसणवट, जुन्या विहिरी आणि वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून चालतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. दाव्यासाठी वेगळी प्रत काढा. त्यात सांगणाऱ्याचं नाव, सही किंवा अंगठा आणि तारीख लागते. इतिहासाच्या प्रतीत नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्याला विचारा.

मसुदा झाला की तो प्रत्येक गावात मोठ्यानं वाचायचा, आधी सगळ्यात लहान टोल्यावर किंवा पोडावर, मग मोठ्या गावात. मोठ्या गावात आधी वाचला की टोल्यातली माणसं ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळी होतात. वाचताना मधे अडवतील तिथं समासात पेन्सिलीनं लिहा, जागेवर वाद घालत बसू नका. पानांची एकच बाजू वापरा. उजवं पान रिकामं सोडलं की दुरुस्त्या तिथंच मावतात. तीन प्रती: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक ज्या घरात सगळ्यात जास्त सांगितलं गेलं तिथं, आणि ती तिसरी पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाचा वाळका पाला घालून, जमिनीपासून हातभर वर. पूर्व विदर्भात वाळवी ग्रामपंचायतीच्या कपाटात आधी पोचते.